सॅग म्हणजे काय

३ डिसेंबर १९९८

सॅग. वीज मंडळाचे साहेब सारखा तोच शब्द म्हणत होते. "लाइनला सॅग होता." मी मान हलवली. कळलं काहीच नाही. तेराव्याला आलेल्या माणसाला शब्दाचा अर्थ कसा विचारणार?

एवढं समजलं – हे खांबावर खालच्या तारा जोडत होते. वरची मोठी लाइन खाली लोंबलेली होती, तिचा धक्का बसला. आणि ती लाइन यांनीच ओढलेली. म्हणजे स्वतःच्याच कामानं गेले?

४ डिसेंबर

स्नेहलच्या डिक्शनरीत पाहिलं. मधोमध खाली वाकणे, लोंबणे, झोळ पडणे. ती म्हणाली, फूल सुकून मान टाकतं ते ड्रूप, सॅग नाही. सॅग वजनानं येतो – तारेला, खाटेला, दोरीला. दहावीची पोर! समजावता समजावता म्हणाली, "आई, पप्पांच्या हातून असं होईल?"

माहीत नाही. खरंच माहीत नाही.

६ डिसेंबर

हिरामण आला. यांचा हेल्पर. त्या दिवशी खाली डीपीपाशी तोच होता. रोज काहीतरी काम काढून येतो. आज नळाचा वायसर बदलला, न सांगता.

त्याला विचारलं. हे तर म्हणायचे, तार अगदी ताणून बांधली तर थंडीत आखडते, तुटते, थोडा झोळ ठेवावाच लागतो. मग सॅग चूक कसा? थोडा म्हणजे किती, जास्त म्हणजे किती?

"वहिनी, कशाला त्यात जाता? सॅग व्हता, साहेबांनी लिवलंय. दादांचं कधी चुकत नव्हतं, एकदा चुकलं."

माझ्याकडे बघत नव्हता. त्यालाही दुःख आहेच. चहा तसाच ठेवून गेला.

९ डिसेंबर

आता शेजारणीही म्हणतात, सॅग होता म्हणे! मला अजून नीट कळलेला नाही आणि त्यांना पाठ झाला.

१३ डिसेंबर

यांचे शर्ट द्यायला काढले. प्रत्येकाचा खिसा लोंबलेला. स्नेहल हसली, किती दिवसांनी! "आई, हा बघ सॅग!"

हे फ्यूजमुळे. खांबावर चढण्याआधी डीपीतले फ्यूज काढायचे आणि चढणाऱ्यानं आपल्याच खिशात ठेवायचे. खाली कुणाकडे द्यायचे नाहीत. तो उतरेपर्यंत मग लाइन चालू होऊच शकत नाही. चिनीमातीचे, जड. कधी विसरून घरी घेऊन यायचे. मागून हिरामण सायकल मारत – "वहिनी, वस्ती अंधारात बसली, दादांचा खिसा बघा!" खिसे शिवून मी कंटाळायची. बोलायची पण.

एक शर्ट ठेवला. बाकीचे बांधले.

१४ डिसेंबर

दवाखान्यातून दिलेली पिशवी आज उघडली. दिवाळीचा नवा शर्ट. खिसा कोरा, सरळ, इस्त्री केल्यासारखा. बाकी खिशांतलं सगळं त्यांनी पुडीत बांधून दिलंय – घड्याळ, किल्ली, सुपारी, एसटीचं तिकीट.

फ्यूज नाहीत.

कुणी काढून घेतले असतील. लाइन चालू करायला लागलेच असतील. पण खिशाला वजनानं आलेला झोळसुद्धा नाही. मग चढताना होते कुठे? डोकं चालत नाही. स्नेहलला सांगितलं नाही.

१५ डिसेंबर

हिरामण आला. पिशवी समोर ठेवली. विचारलं, फ्यूज कुणाकडे होते.

उंबऱ्यावरच बसला. "माझ्याकडं. दादा उतरले असं वाटलं मला. बसवले." मग म्हणाला, "लाइनीला सॅग नव्हता, वहिनी. दादांची लाइन बरोबर व्हती."

मी विचारलं, पण तुझ्याकडे दिलेच कसे? ते कधी देत नसत.

"नवा शर्ट व्हता. म्हणले, खिसा लोंबला तर तुझी वहिनी बोलंल."