बाबांच्या घड्याळात नऊ मिनिटं

९ नोव्हेंबर १९८६, रविवार
आजपासून रोजनिशी. निर्णय पक्का: २६ जानेवारीला माजरीत कॉलनीच्या क्लबची मोटरसायकल शर्यत आहे, तिच्यात पहिला नंबर. खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचं, कोरड्या नाल्यातून परत. एकेकाला सोडणार आणि घड्याळ लावणार. वय सदतीस, नोकरी शाळेत क्लार्कची, गाडी राजदूत. तिन्ही गोष्टी फायद्याच्याच आहेत.
टायमिंग बाबा घेणार. तीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर होते, कधी एक मिनिट इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. रिटायर होताना मिळालेलं घड्याळ अजून मनगटावर. असा टाइमकीपर क्लबकडेही नसेल.

१० नोव्हेंबर
पहाटे पाचला उठणार होतो. उठलो नाही. शरीराला आधी कल्पना द्यावी लागते.
संध्याकाळी गेलो. बाबा मागे बसून आले, नाल्याजवळच्या दगडावर बसले. दोनदा पडलो. बाबा म्हणाले, बारा मिन्टं. मला तर जास्त वाटली होती.

१९ नोव्हेंबर
तीनदा पडलो. टायमिंग साडेअकरा. म्हणजे पडण्याचा टायमिंगशी संबंध नाही. बाबा म्हणाले, सुधरून राह्यला तू.
जेवताना म्हणत होते, बल्बाभोवती रंगीत कडं दिसते. व्होल्टेजचा प्रॉब्लेम. कॉलनीत नेहमीचंच.

२३ नोव्हेंबर, रविवार
वजन कमी करायला दोन्ही मडगार्ड आणि मागची सीट काढून टाकली. बाबा आता गोणपाटाच्या घडीवर बसतात. धूळ सगळी त्यांच्यावर उडते. म्हणाले, फाटकावर काय कमी धूळ खाल्ली?
नवाब मेकॅनिक म्हणाला, श्रावणभाऊ, ये राजदूत हाय, दूधवाल्याची गाडी. मडगार्ड काढल्यानं तिचं हरीण नाई होत. नवाबला रेसिंगमधलं काही कळत नाही.

६ डिसेंबर
विहारात गेलो. मेणबत्ती लावताना बाबांनी काडी वातीच्या बाजूलाच धरली, बोट भाजून घेतलं. गर्दीत धक्का लागला असणार. बायको, म्हणजे सत्यशीला, म्हणाली, कोनाचाच धक्का नाई लागला. उद्या भद्रावतीला डोळ्याचं शिबिर आहे, बाबांले घेऊन जा न. म्हणालो, नेतो.

७ डिसेंबर, रविवार
शिबिर सकाळी नऊ ते बारा. नेमकी प्रॅक्टिसची वेळ. आणि रविवार आठवड्यातून एकच येतो. बाबांना विचारलं. ते म्हणाले, डोंगरावरच जाऊ. पेशंटचीच इच्छा नसेल तर आपण काय करणार? शर्यत झाली की थेट चंद्रपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे नेईन, ते शिबिरापेक्षा कधीही चांगलं.
टायमिंग दहा!
सत्यशीला बोलत नाही.

१४ डिसेंबर, रविवार
प्रॅक्टिस संपली की बाबांना डोंगरावरून एक चक्कर द्यावी लागते. वेळ जातो, पण टाइमकीपरची फी समजायची. आज माथ्यावर गाडी दोन्ही चाकांनी सुटली. खरंच, क्षणभर खाली काही नव्हतं. बाबांनी मागून कंबर आवळली आणि लहान पोरासारखे ओरडले. सत्तर वर्षांचा माणूस! मीही ओरडलो. असं खूप वर्षांत ओरडलो नव्हतो.
उतरताना पडलो. दोघेही. विशेष काही नाही.

२८ डिसेंबर, रविवार
नाल्याच्या वाळूत गाडी रुतली, अर्धा तास गेला. बाबांना हाका मारल्या तर ते भलतीकडेच बघून हात हलवत होते. उत्साहात असतील. टायमिंग साडेनऊ. रुतलेला वेळ त्यांनी वजा केला असणार. रेल्वेचा माणूस.

११ जानेवारी १९८७, रविवार
नऊ मिनिटं! गेल्या वर्षीचा पहिला नंबर दहाचा होता. बाबा हल्ली आधी घड्याळ कानाला लावतात, मग टायमिंग सांगतात. जुन्या लोकांच्या सवयी.
कपाटावर ट्रॉफीसाठी जागा करायला सत्यशीलाला सांगितलं होतं. तिथे तिनं डाळीचा डबा ठेवला.

२६ जानेवारी, सोमवार
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
अकरा जण होते. चंद्रपूरची पोरं यामाहा, सुझुकी घेऊन आली होती. मी अकरावा. सतरा मिनिटं वीस सेकंद.
कमिटीच्या टेबलाशी जाऊन भांडलो. म्हणालो, तुमचं घड्याळ बिघडलंय, माझे वडील तीस वर्षं फाटकावर होते. बाबांना हाताला धरून टेबलासमोर उभं केलं. कमिटीतले जलालुद्दीन मास्तर सभ्य माणूस. म्हणाले, सोमाजीभाऊ, तुमच्या घड्याळात आता किती वाजले ते सांगा, मिळवून पाहू.
बाबांनी घड्याळ कानाला लावलं. मग डोळ्यांजवळ नेलं, पार नाकाला टेकवलं. मग जिकडे कोणीच नव्हतं तिकडे तोंड करून विचारलं, पॅसेंजर गेली काय?
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२९ जानेवारी
चंद्रपूर. काचबिंदू. एक डोळा पूर्ण गेला, दुसऱ्यात थोडा उजेड उरलाय. गेलेलं परत येत नाही. उरलेलं रोज थेंब टाकून टिकलं तर टिकेल. दोन-तीन महिने आधी आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले. कधीपासून आहे हे? मी म्हणालो, आत्ताआत्ताच.
घरी येऊन ही वही मागे उलटली. बल्बाचं कडं, १९ नोव्हेंबर. मेणबत्ती, ६ डिसेंबर. शिबिर, ७ डिसेंबर. सगळं माझ्याच अक्षरात, तारखेसकट.

३० जानेवारी
बाबांना विचारलं, खोटं टायमिंग का सांगितलं? आधी म्हणाले, मनात आकडे मोजत होतो, मधातच इसरून जाओ. मग म्हणाले, दिसत नाई म्हटलं असतं तर तू मले घरी बसवलं असतं. तीस वर्षं गाड्या जाताना पाह्यल्या, आपून उभेच. तुह्या मागं बसलो का वाटे, आपूनच चाल्लो.
मला रडू आलं. त्यांना दिसलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
नवाबकडून मागची सीट बसवून घेतली, मडगार्डही. नवा निर्णय: शर्यत कायमची बंद. बाबांना रोज थेंब टाकायचे आणि रोज डोंगरावर न्यायचं. आजचे थेंब सत्यशीलानंच टाकले. उद्यापासून मी.
संध्याकाळी बाबांना घेऊन गेलो. सगळा चढ पहिल्या गिअरवर. माथ्यावर थांबलो. बाबांनी विचारलं, दिवस बुडाला काय? म्हटलं, बुडतोय. ते तिकडेच तोंड करून बसले होते, दिशा बरोबर होती. नाल्यातून परत यायला पंचवीस मिनिटं लागली. घड्याळ आता माझ्या मनगटावर असतं.
उतरल्यावर बाबांनी विचारलं, किती झाले?
म्हणालो, साडेआठ.
बाबांनी चाचपडत माझा खांदा शोधला. म्हणाले, सुधरून राह्यला तू.