सहा आकड्यांचे आभार

प्रिय खिट्टी,

तुझ्या स्मरणशक्तीची कीर्ती मी ऐकून आहे. तीस-तीस अक्षरांचे पासवर्ड म्हणे तुला पाठ असतात, आणि कुठल्या कंपनीचं कुठलं दार कोणत्या साली उघडं राहिलं होतं तेही तू झोपेत सांगतेस. फक्त आपल्या आजीला वाचता येत नाही, एवढं एकच तुझ्या डोक्यातून निसटलं. चार पानांचा कागद पाठवलास, मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं, आणि तळाशी चौकट: ‘वरील मजकूर वाचून व समजून घेऊन मी स्वखुशीने अंगठा देत आहे.’ वाचून. मी तो कागद उलटा धरून पाहिला, उजेडाला लावून पाहिला, काही कळेना. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या टंकलेखिकाबाईंना वर बोलावलं. हे पत्रही त्याच टाइप करताहेत. सदतीस वर्षं त्यांनी साहेबांचं बोलणं कागदावर उतरवलं, त्यामुळे मी खोकले तरी त्या विचारतात, हे घ्यायचं का.

कागदात काय आहे ते आता मला पाठ झालंय. नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी तुझी स्वतःची कंपनी सुरू होणार. माणसं फोनवर कशी फसतात, हे तुम्ही इतर कंपन्यांच्या लोकांना शिकवणार. त्या शिकवणीचा पहिला धडा म्हणजे माझा आवाज, तो मे महिन्यातला फोन आणि ते सहा आकडे. मी अंगठा दिला नाही, तर तो धडा तुमच्या कंपनीला कुणालाही ऐकवता येणार नाही. म्हणजे बघ, एवढी मोठी कंपनी, दारावर म्हणे पाटीसुद्धा लागली, आणि किल्ली कुठे तर माझ्या अंगठ्यात. देते की नाही ते सांगते. पण तुझ्यासारखी मी घाईत नाही.

कागद वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, तुमच्या नातीचं वर्षाखेरचं आभाराचं लिखाण कॉम्प्युटरवर आलंय, ते वाचू का. म्हटलं वाचा, आभार ऐकायला कान अजून शाबूत आहेत. सुरुवात छान होती, सरत्या वर्षाने मला भरभरून दिलं वगैरे. पहिले आभार तुझ्या भागीदाराचे. मग जुन्या साहेबांचे, ज्यांच्याविषयी तू याच वर्षी माझ्या पलंगावर बसून जे बोलली होतीस ते टाइप करायला बाई तयार नाहीत. मग तुझ्या हाताखालची मंडळी, परीक्षेची तयारी करून घेणारे गुरुजी, आणि ऑफिसातलं कॉफीचं यंत्र, त्यालाही अख्खी एक ओळ. यंत्राच्या खाली मी. अकरावा नंबर. ‘आणि माझी आजी, माझी पहिली शिकार. चौदा मिनिटांत तिने मला शिकवलं की भिंत कितीही भक्कम असो, प्रेम हे तिच्यातलं सगळ्यात मोठं भगदाड असतं.’ इथे बाईंनी चष्मा काढून पुसला. मी विचारलं, हे किती जणांना आवडलं? म्हणाल्या, दोन हजारांवर. म्हटलं बघा, या वयात.

तुला खिट्टी हे नाव का पडलं, ते तरी आठवतं का? अडीच वर्षांची होतीस. न्हाणीघरात शिरून आतून खिट्टी लावून घेतलीस, आणि बाहेर आम्ही सगळे दार बडवतोय. तुझा बाप लिफ्ट दुरुस्त करणारा, अडकलेली माणसं बाहेर काढणं हाच त्याचा धंदा, पण त्या दिवशी पाना खाली ठेवून तोही आमच्याबरोबर दार बडवत होता. आतून तू विचारलंस, कोण आहे? आम्ही म्हणालो, आम्ही. तर म्हणालीस, आम्ही कोण? पुढे तू कशाची भाकरी खाणार ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुझ्या बापाला मात्र कोण कौतुक. लेक माणसांना चोरांपासून वाचवते, असं प्रत्येक बिल्डिंगच्या पहारेकऱ्याला सांगत सुटायचा.

तो मला लिहून काही पाठवायचा नाही, कारण मला वाचता येत नाही हे त्याच्या लक्षात असायचं. बोलून पाठवायचा. कुठल्यातरी इमारतीच्या माथ्यावर, लिफ्टच्या मोटारीशेजारी बसून. फोनवर कुठे दाबायचं ते मी जागेवरून शिकले: वरून तिसरा, टोपी घातलेला फोटो. एक्केचाळीस निरोप होते. एकात तर तो फोन बंद करायला विसरला आणि गंजलेल्या बोल्टला मिनिटभर शिव्या घालत राहिला. माझा सर्वांत आवडता तोच. तो गेल्यावर मी रोज चहानंतर एक ऐकायची, एकच, ओळीने. सगळे संपले की पुन्हा पहिल्यापासून. त्याला जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं तरी आमचं बोलणं चालू होतं, एवढंच की नवीन काही नव्हतं.

आणि मग तो मे महिन्यातला फोन. दुपार होती, मी उशीची उसवलेली शिवण घालत होते. फोन उचलला तर तुझा बाप. “आई, कशी आहेस?”

खिट्टे, तुझ्या बापाने उभ्या जन्मात मला कशी आहेस असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला काहीतरी भयंकर झालंय आणि डॉक्टरांनी ते फक्त त्यालाच सांगितलंय, असं मी समजले असते. तो सुरुवात करायचा ती ‘ऐक’ अशी, जणू मी मघापासून दुसऱ्याच कुणाशी बोलतेय. ही झाली पहिली चूक. दुसरी अशी की पुढचं वाक्य बोलण्याआधी त्या आवाजाने बारीकसं नाक ओढलं. खोटं बोलण्याआधी नाक ओढायची खोड आपल्या घरात एकाच माणसाला आहे, आणि तिच्यासाठीच बाई हे टाइप करताहेत. तुझ्या त्या यंत्राने गळा बदलला, नाक तसंच ठेवलं. तेव्हा हा माझा मुलगा नाही आणि ही माझी नात आहे, या दोन्ही गोष्टी मला शिवणीचा पुढचा टाका पडायच्या आत कळल्या.

फोन ठेवायला हवा होता. पण आवाज त्याचा होता गं. आणि तो काहीतरी नवीन बोलत होता. मला वाटलं, पोरीला बापाची आठवण अनावर झालीय. अंत्यसंस्काराला हिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आता कुठे आत साचलेलं बाहेर येतंय. हिने यंत्रावर त्याचा आवाज उभा केला, एकटीने ऐकायचा धीर होईना, म्हणून मला फोन लावला. मला तुझी इतकी माया आली की सुई बोटात घुसली तरी मी हूं का चूं केलं नाही. मग तू माझ्या फोनवर आलेले ते सहा आकडे मागितलेस. म्हटलं असेल, बोलण्याला काहीतरी निमित्त हवं ना. अक्षरं येत नसली तरी आकडे मला येतात. पहिल्या आकड्याआधी मी चष्मा शोधला, जो डोळ्यांवरच होता. दुसऱ्याआधी विचारलं, तुझा गुडघा कसा आहे. तिसरा मुद्दाम चुकीचा सांगितला, म्हणजे तो पुन्हा विचारेल. चौथ्याला म्हटलं, थांब, दूध उतू जातंय. दूध नव्हतंच घरात. सहा आकडे मी चौदा मिनिटं पुरवले. एखादी बाई शेवटचं लुगडं जपून नेसते, तसे.

आठ दिवसांनी तुझा काका आला, सोबत काकू, दोघांचे चेहरे दवाखान्यात यावेत तसे. घरच्या ग्रुपवर तू लिहिलं होतंस की आजीने अनोळखी माणसाला फोनवर आकडे दिले, तिच्याकडे असला फोन ठेवू नका. काकाने विचारलं, कोण होता तो? मी म्हटलं, माहीत नाही. तुझं दुःख त्याच्यापुढे कशाला उघडं करायचं, असं मनात आलं आणि मी माझ्या तोंडाने स्वतःला वेडी ठरवून घेतलं. त्याने माझा फोन काढून घेतला आणि मोठ्या बटणांचा एक खेळण्यासारखा दिला. जुना फोन त्याच्या कारखान्यातल्या कुणाला देऊन टाकला. देण्याआधी, तू घरातल्या सगळ्यांना पाठवलेल्या सूचनांप्रमाणे, नियम सातवा, आतलं सगळं कायमचं पुसून टाकलं. परत मिळवता येत नाही असं. काकाने ते मला अभिमानाने सांगितलं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस निरोप. बोल्टला घातलेल्या शिव्यासुद्धा. हे तुला आज पहिल्यांदा कळतंय. इतके दिवस मी सांगितलं नाही, कारण मला वाटत होतं, तुला फार लागेल.

तेव्हापासून माझा मान बराच वाढला. औषधांच्या दुकानात गोळ्या माझ्या हातात देतात आणि कधी घ्यायच्या ते शेजारणीला सांगतात. काकू दर रविवारी मला विचारते, आज वार कोणता. मी बुधवार सांगते, तिला बरं वाटतं. या सगळ्याचं मला काही नव्हतं. माझ्या नातीने एकदा रडण्यासाठी माझा खांदा घेतला, त्याचं हे मोल, असं धरून चालले होते. आणि मग बाईंनी आभार वाचले. त्याखाली तो व्हिडिओ होता, तोही त्यांनी लावला. मोठा हॉल, तीनशे माणसं, तू स्टेजवर, अंगात तो निळा कोट. माझा आवाज घुमतो, थांब, दूध उतू जातंय, आणि तीनशे माणसं हसतात. चौदा मिनिटांतली तीन ऐकवलीस. सहावा आकडा आला, टाळ्या पडल्या, संपलं. मी बाईंना म्हटलं, पुढचं लावा. म्हणाल्या, पुढे काही नाही. म्हटलं, आहे.

आहे, आणि ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. सहावा आकडा सांगून झाल्यावर मी म्हटलं होतं, “खिट्टे, पुरे झालं आता. डोळे पूस आणि दोन घास खाऊन घे.” त्यावर नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद. म्हणजे आजी फसलेली नाही, हे तुला त्याच क्षणी कळलं होतं. तरी तेवढा तुकडा कापून टाकलास आणि उरलेलं घेऊन स्टेजवर गेलीस. मला बावळट म्हणालीस तर मी हसले असते, तुझ्या आजोबांनी चाळीस वर्षं तेच म्हटलं. पण आईला आपला मुलगा ओळखता आला नाही, असं तू तीनशे माणसांना सांगितलंस, आणि ते खोटं आहे हे माहीत असताना सांगितलंस. अंगठा मी देत नाही. तेवढ्यासाठी पत्राची गरज नव्हती, चौकट कोरी ठेवून कागद परत पाठवला असता तरी तू समजली असतीस. पत्र लिहिलं ते हे सांगायला, की बाईंनी हा सगळा मजकूर दोन प्रतींत टाइप केलाय, आणि तुझ्या भागीदाराच्या पत्त्यावरची प्रत तुझ्या प्रतीच्या दोन दिवस आधी निघते आहे. पत्ता तुझ्याच कागदाच्या पहिल्या पानावर होता. कापलेला पुरावा दाखवून दुसऱ्यांना सावध राहायला शिकवणारी कंपनी चालवायची का, ते तो ठरवेल. त्या प्रतीखाली मी अंगठा उठवलाय. वाचून, समजून, स्वखुशीने.

तुझीच, अजून शुद्धीवर असलेली,
आजी

ता. क. इतक्यात भेटायला येऊ नकोस. खजूर पाठव, किलोभर, मऊ बघून. बी काढलेला विकत मिळतो तो नको. बियांसकट घे, आणि बसून एकेक बी स्वतःच्या हाताने काढून मग डबा भर; नको ते काढून टाकायला तुझा हात बसलाच आहे.