भोपळ्याची वांझ फुलं

८ ऑगस्ट १९४८, रविवार
कागलची मुलगी बघून आले सगळे! आत्याबाई चपला न काढताच मला म्हणाल्या, "इमले, दसऱ्याला नेसरीला जा, तुझ्या म्हायेरी. हितं दुसरी येनार." लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही — संपलं! सासूचं एक सोडा. पण हे? शाळेत शास्त्र शिकवणारा माणूस, खाली मान घालून वर्तमानपत्र वाचत बसला.

सहा वर्षांत किती काढे प्याले मी. आत्याबाई समोर बसायच्या, वाटी रिकामी होईपर्यंत. सगळ्याचं उट्टं काढीन. काढीनच!

१० ऑगस्ट
उद्याचा पाठ यांनी माझ्यासमोर म्हणून पाहिला. नेहमीचंच — मी भाजी चिरायची, यांनी शिकवायचं. रताळं म्हणे मूळ, बटाटा खोड, आणि कांदा म्हणजे नुसती पानं! मग परसातल्या वेलाची दोन फुलं आणली, भोपळ्याची. एक नर, एक मादी. मादीच्या खाली एवढासा भोपळा आधीपासूनच असतो. नराचे पराग मिळाले नाहीत, तर तो पिवळा पडून गळतो.

"त्यात दोष मादी फुलाचा नसतो," हे म्हणाले. स्वतःच्या तोंडानं! मी विळी सोडून बघत राहिले. यांना आपलंच वाक्य ऐकू आलं नाही. पुढं पराग कसे उडतात ते सांगत बसले.

११ ऑगस्ट
आत्याबाई त्या नर फुलांना काय म्हणतात? वांझ फुलं! "ज्येला भोपळा धरत न्हाई, ती वांझ." नर, आणि वांझ! हसून हसून पोट दुखलं. मग रडले.

१२ ऑगस्ट
ठरलं. वेल म्हणजे आत्याबाईंचा जीव. दर वर्षी सगळ्या गल्लीला भोपळे वाटतात आणि महिनाभर मिरवतात. आज मधमाश्या यायच्या आधीच सगळी नर फुलं खुडली. सोळा निघाली. भजी करून यांना वाढली. "कुरकुरीत झालीत," म्हणाले. खा!

२२ ऑगस्ट
आणखी पाच भोपळे गळाले, सुपारीएवढे. वाईट वाटलं — थोडंच.

२९ ऑगस्ट, रविवार
शेजारच्या चिमणाबाई कुंपणावरनं ओरडल्या, "बायडाबाई, येल लई फुललाय की! भोपळा एक बी न्हाई व्हय औंदा?" आत्याबाई गप्प! त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदा बघितलं. दिवसभर गाणं म्हणत भांडी घासली.

पुढच्या रविवारी कागलची मंडळी येणार. सगळ्यांना परसात नेईन, वेल दाखवीन आणि विचारीन — बाई बदलताय, पण आधी तुमच्या मास्तरांना डॉक्टरकडं नेलं का? एवढं बोलायचं आणि ट्रंक उचलायची. वाक्य पाठ केलंय. आवाज कापता कामा नये.

५ सप्टेंबर
सकाळी फुलं खुडत होते. मागं आत्याबाई! "रोज बघालोय मी. वांझ फुलं तोडल्यावर भोपळा धरंल व्हय? चाळीस वर्सं येल लावालोय."

"मग बोलला का नाहीत?"

खाली बसल्या. हळूच म्हणाल्या, "काय बोलू? चौदाव्या वर्सी त्येला गालगुंड झालतं. खाली बी सूज आलती. वैद्य तवाच बोलला, ह्येला पोर हुनार न्हाई. त्येला ठावं न्हाई, इमले. माझ्या पोराला कुनी हसू नगं, म्हनून तुझ्यावर ढकललं. दुसरी बघितली न्हाई तर लोक त्येच्याकडंच बोट दावतील."

खिडकीच्या आत हे झोपले होते. मी मोठ्यानं विचारलं, "कितव्या वर्षी म्हणालात, आत्याबाई?"

आत खाट करकरली.