छप्पन सालची माणसं

२७ सप्टेंबर

हद्द झाली! माझ्या बरोबरीची बाई आभाळाच्या पार जाऊन आली, आणि मला हे आज कळून राहिलं!

नात दीक्षाने मोबाइलवर दाखवलं. अमेरिकेची मे जेमिसन. काळ्या आईबापाची लेक, शिकून डॉक्टर झाली, मग यानात बसून थेट अवकाशात. जन्म १७ ऑक्टोबर १९५६. म्हणजे बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली, त्याच्या तीनच दिवसांनंतर! तेव्हा मी सहा महिन्यांची. माय नेहमी सांगायची — "तुले पदरात बांधून नेलं होतं. एवढी गर्दी, पण रडली नाहीस!"

हे सगळं निघालं विहारामुळे. आमच्या पाऱ्यात, म्हणजे या मोहल्ल्यात, दीक्षेच्या दिवशी तिथे हजर असलेली आता मी एकटीच उरली. म्हणून १४ ऑक्टोबरला माझा सत्कार. दीक्षा म्हणते, "आजी, आपके साल में जो-जो पैदा हुए, सबका बोर्ड बनाऊँगी। स्टेज के पीछे लगेगा।"

इकडच्या हिंदी मुलखात वाढली, तरी मराठी सगळं समजते पोट्टीला. उत्तर मात्र हिंदीतच!

२९ सप्टेंबर

स्वीडनचा टेनिसवाला बोर्ग. विंबल्डन ओळीने पाच वेळा जिंकला आणि सव्विसाव्या वर्षी खेळ सोडला! सव्विसाव्या वर्षी मी रेल्वे क्वार्टरात पोराच्या पाटीवर 'क' गिरवत होती. तो शाळेतून जे शिकून यायचा, ते संध्याकाळी मला शिकवायचा. माझी सुरुवात तिथे, याचं संपलं सुद्धा.

१ ऑक्टोबर

पंडवानीवाली, पांडवांची कथा गाणारी तीजनबाईसुद्धा छप्पनचीच!! आपली गनियारीची! भिलाईच्या मैदानात मांडी घालून तिचं गाणं ऐकलं होतं मी. तंबोरा असा उचलला की अंगावर काटा आला. मनात तिला मावशी म्हटलं होतं. घ्या आता!

४ ऑक्टोबर

भाषण लिहून राहिली. पहिलं वाक्य — मी तिथे होती. बाकीचं सुचत नाही.

८ ऑक्टोबर

नीलकंठदादा भंडाऱ्याहून आला. माझा सख्खा थोरला भाऊ. नाव जुनं, देवाचं, धम्मदीक्षेच्या आधीचं. दीक्षेच्या वेळी तो आठ वर्षांचा होता.

बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलाय. मधोमध माझा फोटो, बाजूला जेमिसनबाई. दादा खूप वेळ बघत बसला. मी म्हटलं, "काय दादा, कोणाकोणाच्या पंगतीत बसवलं पाहा तुझ्या बहिणीले!" हसला नाही. भाकरीही अर्धीच खाल्ली. काय बिनसलं याचं?

९ ऑक्टोबर

आजच लिहिते. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

सकाळी चहा घेताना दादा म्हणाला, "कांता, स्टेजवर तू 'मी तिथे होती' म्हणशील. मले ते ऐकवणार नाही."

"काहून?"

"ती तू नव्हती."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तो खाली बघूनच बोलत होता. "नागपूरले जिले नेलं, ती पहिली कांता. रांगेत मायचे हात भरून आले तर मीच घेतलं तिले कडेवर. रडली नाही, हे खरं आहे. त्याच थंडीत तापानं गेली. बाबासाहेब गेले त्याच आठवड्यात. सगळी वस्ती बाबासाहेबांसाठी रडत होती. मायचं रडणं त्यातच मिसळून गेलं. पोरीसाठी वेगळं कोणी रडलंच नाही. मीही नाही."

कपातला चहा माझ्या पातळावर सांडला. पोळल्याचं कळलं सुद्धा नाही.

"आणि मी?"

"तू दोन वर्षांनी झाली. माय म्हणे, आली माझी कांता. बाबा म्हणे, आपल्या धम्मात असं परत येणं नसते. माय म्हणे, नसू दे. मग तेच नाव ठेवलं, तेच साल सांगत गेली. आम्हाले ताकीद होती, तोंड उघडायचं नाही."

१० ऑक्टोबर

मी मी नाही!

आधार कार्डावर तिचं साल. मला तिचंच नाव. लहानपणी माय माझे केस विंचरता विंचरता मधेच थांबायची, चेहऱ्याकडे बघत राहायची. मला वाटायचं, किती लाड! ती कोणाला बघत होती?

रागच येऊन राहिला. आणि राग कोणावर काढू? माय जाऊन तीस वर्षं झाली.

१२ ऑक्टोबर

दीक्षाला सांगितलं. तिने आधी बोर्डाकडे पाहिलं. मग म्हणाली, "किसी को क्या पता चलेगा, आजी?" तेवढ्यात विहाराच्या कमिटीतला प्रशिक आला. बॅनर दाखवला — 'दीक्षा सोहळ्याच्या साक्षीदार कांताबाई'. केवढा खूश होता! "मावशी, पार बीरगांवहून पण लोकं येऊन राहिले तुम्हाले बघायले!"

एवढी माणसं येतील, आणि मी काय सांगू? की तुम्ही जिला बघायला आलात ती दात यायच्या आधीच गेली?

दादा भाषणाला येणार नाही म्हणतो. खोलीतच बसून राहीन म्हणतो.

दीक्षाला विचारलं, त्या पहिल्या कांताचा फोटो असेल का गं कुठे? कसा असेल! त्या काळी आमच्याकडे कोणाचा फोटो होता?

१४ ऑक्टोबर

दादाला हात धरून नेलं. बोर्डावरचा माझा फोटो दीक्षाने सकाळीच काढून टाकला होता. जेमिसनबाईच्या बाजूला रिकामी चौकट, खाली मराठीत — कांता, १९५६. पोट्टीने स्वतः लिहिलं!

माइकवर म्हटलं, "मी तिथे नव्हती. माझी मोठी बहीण होती." सगळं सांगितलं. प्रशिक हार घेऊन तसाच उभा होता. मग हळूच वळला आणि हार त्या रिकाम्या चौकटीला घातला.

दादा खुर्चीतून उठला, चौकटीसमोर गेला आणि मोठ्याने रडला. वेगळं, तिच्या एकटीसाठी. त्याचं रडून होईपर्यंत अख्खा विहार थांबून राहिला.