अंधारकोठडीतला डबा

३ मे
पोचलो एकदाचा ॲरिझोनाला! आधी शॉमबर्गच्या हॉटेलातली नोकरी सोडली, मग ट्रॉयची. माझ्या पायाला भिंगरी आहे, असं मृणालिनीकाकू म्हणतात. नरेंद्रकाका आणि काकूंचं कॅन्टीन जुन्या तुरुंगात आहे. आता तिथे म्युझियम केलंय. चहूकडे नुसतं वाळवंट. भिंतीला पापड चिकटवला तर भाजून निघेल. मस्त वाटतंय यार.

५ मे
तिकिटं फाडणाऱ्या लुपे आजीने डोंगरात खोदलेली अंधारकोठडी दाखवली. एका कैद्याला आत टाकून शिपाई विसरले म्हणे. उपाशी मेला. अजून खायला मागतो. आत काही ठेवू नकोस म्हणाली. मी हसलो. पण दुपारी घास उतरेना. उपाशी माणसाच्या दारात कसं जेवायचं? पोळीभाजी डब्यात घालून आत ठेवली. डबा काकूंचा, लग्नातला, नाव कोरलेला.

६ मे
डबा उंबऱ्यावर. पोळी गायब, आत चिमूटभर मीठ! दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हे त्यालाही ठाऊक. मेला तरी वळण चांगलं. परत भरून ठेवला.

८ मे
आज डब्यात शिंगाचं बटण. काकू म्हणाल्या, उंदरांचे उद्योग असतील, पण माझा डबा हरवलास तर याद राख.

११ मे
साखळीची कडी. लुपे आजीला दाखवली, तिने छातीवर क्रूस काढला. ती म्हणाली, तो परतफेड करत नाहीये. स्वतःचं एकेक तुझ्या अंगावर चढवतोय. तू घेत गेलास. आता त्याची जागाच तुला द्यायची उरली.

१२ मे
घोट्याला काळानिळा वळ. चालताना लोखंड वाजतं. पायात काही नाही. उद्या दुपारची बस धरतो. पळून जाणं तरी मला जमतं.

१३ मे
बॅग भरली. पण परवा भरून ठेवलेला डबा आतच राहिलाय. काकूंच्या लग्नातला. पोटच्या पोरासारखं केलं त्यांनी — असा कसा जाऊ? दार उघडं ठेवून आत हात घालतो. लगेच बाहेर.

— तारीख माहीत नाही

दार लागलं.
फटीतून थोडा उजेड, तेवढ्यात लिहितोय. ओरडतोय, आवाज फुटत नाही. तोंडात मीठ.
अंगावर पट्ट्यापट्ट्यांचं जाडंभरडं काहीतरी — शिंगाची बटणं — एक तुटलेलं —
भूक.

बाहेर काकू. विनय, अरे विनय, जेवायला ये म्हणतायत.
काकू, मी इथे —

फटीतून पाठ दिसली. माझा शर्ट. हातात डबा.
आलो काकू, म्हणाला. डबा सापडला, आता कुठे जात नाही, म्हणाला. माझ्याच आवा