विहीर बुजवायची नाही

मी, कीथ सायमन ग्रेशस, वय एकोणतीस, राहणार गोराई, हे लिहिणं ईस्टरपासून टाळत आलोय. डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलावी लागेल म्हटलं, तेव्हाच ओळखीच्या वकीलबाई म्हणाल्या होत्या, मृत्युपत्र करून ठेव. मी हो म्हणालो आणि बाइक काढून मालवणला गेलो. परत आल्यावर पेन सापडेना. पेन सापडलं तर कंटाळा आला. येत्या बुधवारी बोरिवलीला ऑपरेशन आहे. आज रविवार. आता टाळायला जागा नाही.

माझं डोकं ठिकाणावर आहे. बारावीला नापास झालो तेव्हाही होतं. कुणाची जबरदस्ती नाही. ल्युसीआत्या आतून एवढंच ओरडतेय, "आधी जेव, मग मर."

पहिली गोष्ट घराची. पप्पांनी हे घर, मागची वाडी आणि विहीर माझ्या नावावर केली, कारण मोठा भाऊ रॉनी याने तोवर दहिसरला फ्लॅट घेतला होता. माझं लग्न झालेलं नाही, आईवडील नाहीत. वकीलबाईंच्या म्हणण्याप्रमाणे मी काही न लिहिता गेलो, तर सगळं रॉनीला जाईल आणि ल्युसीआत्याला काहीच नाही. आत्या म्हणजे पप्पांची बहीण. आई गेल्यावर तिने आम्हा दोघांना वाढवलं, स्वतःचं लग्न राहून गेलं. वाडीतली भाजी डोक्यावर घेऊन ती अजून फेरीबोटीने खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात जाते. कायद्याला ती दिसत नाही. रॉनीला बिल्डर दिसतो. दोन वेळा तो माणूस त्याच्याबरोबर येऊन वाडी पावलांनी मोजून गेलाय.

म्हणून घर, वाडी आणि विहीर मी लुसिया जोकिम ग्रेशस, म्हणजे ल्युसीआत्या, हिला देतो. माझी इच्छा आहे की विहीर कुणीही बुजवू नये. आम्हा इथल्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी नवरा-नवरीच्या आंघोळीसाठी बँड लावून विहिरीवरून पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. आमच्या आळीत गोड पाण्याची हीच एक उरलीय. बाकीच्यांच्या विहिरींवर आता गाड्या उभ्या असतात.

रॉनीच्या लग्नात काय झालं ते इथे लिहितो, कारण भांडण तिथलंच आहे. हॉल मीरा रोडला घेतला होता. गावातून पाणी न्यायला कुणाला वेळ नाही म्हणून त्याने वीस लिटरचा जार मागवला. बायका साड्या नेसून, बँड लावून, नाचत नाचत हॉलच्या गेटपर्यंत गेल्या आणि वॉचमनच्या खुर्चीवर ठेवलेल्या जारमधून हंडा भरून आल्या. मी व्याह्यांसमोर म्हणालो, "झाकण नीट लाव रे, आशीर्वाद सांडेल." रॉनी म्हणाला, "विहीर तुझ्या नावावर झाली, अक्कल झाली नाही." तेव्हापासून आम्ही बोलत नाही.

तरी रॉनीला मी आजीचा तांब्याचा हंडा देतो. त्याच्या मुलीसाठी, नॅटलीसाठी. ती तीन वर्षांची आहे. फोटोत बघितलीय.

बँकेत जे आहे ते आत्याला. आकडा लिहीत नाही, त्यालाच लाज वाटेल. टीव्हीवर सांगतात, अर्थव्यवस्था धावतेय. मी जेवणाची पार्सलं पोचवायचो तेव्हा ती मीच पळवतोय असं मला वाटायचं, पण टॉवरमध्ये आमच्यासाठी मागची लिफ्ट असायची आणि ती निम्म्या वेळा बंद. त्यानंतर मनालीला हॉटेलात भांडी घासली, गोव्याला होडीवर राहिलो. सगळीकडे लोक एकच बोलतात : महागाई फार झाली, आणि हप्त्यावर नवा फोन घेतला.

राजकारणाबद्दल मृत्युपत्रात लिहायचं नसतं, पण मला दुसरीकडे कुणी विचारत नाही. दर निवडणुकीला कुणीतरी फेरीतून येतं, क्रूसासमोर चपला काढतं आणि पूल बांधून देतो म्हणतं. पूल व्हावा असं मला अर्धंच वाटतं. पप्पांच्या छातीत दुखलं तेव्हा फेरी बंद होती, भाईंदरवरून फिरून जाईपर्यंत ते गेले. त्या दिवशी मी कुणालाही मत दिलं असतं. पण पुलावरून ॲम्ब्युलन्सच्या आधी बिल्डर येणार, हेही मला कळतं. दोन्ही खरं असलं की माणूस थकतो. मी थकलोय.

म्हणून एक सूचना. मी गेलो तर नाक्यावर माझा फ्लेक्स लावू नका. मधे माझा फोटो आणि भोवती पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, असं नको. पंचायत नको, भाषण नको. अंत्ययात्रेतल्या बँडवाल्यांना चहा द्या.

बाइक मुकुलला. मुकुल चारकोपला राहतो, शाळेपासूनचा मित्र, आणि हे सगळं अमलात आणायचं काम मी त्याच्यावर सोपवतो. ब्रेक सैल आहेत, आधी बघून घे. गिटार कुणालाही द्या, मला कधी आलीच नाही.

आता साक्षीदार. दोन लागतात. वकीलबाईंनी बजावलंय, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीची सही करायची नाही, केली तर त्याला ठेवलेलं रद्द होतं. म्हणजे आत्या बाद, मुकुल बाद. शेजारचे अर्बन अंकल सकाळपासून चष्मा पुसत ओट्यावर बसलेत. दुसरं कुणी मिळेना. आळीतल्या अर्ध्या लोकांची बिल्डरशी बोलणी चालू आहेत, उरलेल्यांना त्यांच्याशी वाकडं नको. मुकुल फोनवर म्हणाला, "बघतो यार, कुणाला तरी पाठवतो."

इथे थांबलो होतो. फाटक वाजलं. आत्या बाहेर गेली आणि तिच्या हातातली कालथी खाली पडली.

रॉनी आलाय. दहिसरवरून, एकटा.

"ऑपरेशन बुधवारी आहे आणि मला मुकुलकडून कळतं होय रे?"

त्याने कागद ओढून घेतला आणि उभ्याउभ्या वाचला. जारचा किस्सा आला तिथे त्याचं नाक लाल झालं. मला वाटलं, फाडतो आता.

"दुसरा साक्षीदार कुठाय?"

"नाही."

"पेन दे."

"नीट वाच ना. सही केलीस तर हंडाही जाईल तुझा."

"मला वाचता येतं. बारावी पास आहे मी." मग विहिरीकडे बघत म्हणाला, "हंडा राहू दे आत्याकडे. नॅटलीच्या लग्नाला पाणी काढायला इथेच यायचंय ना."

अर्बन अंकल म्हणतात, आता लिहिणं पुरे, आधी तू आमच्यासमोर सही कर. करतो.

लिहून देणार : कीथ सायमन ग्रेशस (सही)

आमच्यादेखत सही झाली :
१. अर्बन पास्कल ग्रेशस, शेजारी (सही)
२. रॉनी सायमन ग्रेशस, भाऊ (सही)

गोराई, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५