दाराच्या मापाची दोरी

बाबा, स्वयंपाकघराची नवी आलमारी आज आली. सुताराने ती सुट्ट्या फळ्यांच्या रूपात आणली, इथेच बसून जोडली, आईच्या हातचा चहा प्यायला आणि गेला. आई आता खाली भाजीवाल्याकडे गेली आहे. तिथे ती कोथिंबिरीवरून किती वेळ घालवते हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे माझ्याकडे बराच वेळ आहे. मी आलमारीसमोर फरशीवर बसून लिहिते आहे. घरभर रंध्याखालून निघालेल्या लाकडाचा वास भरला आहे. तुम्ही फॅक्टरीतून आलात की तुमच्या शर्टाला यायचा, तोच.

मदन महल भागात आम्ही दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, बाबा. मी सरकारी शाळेत विज्ञान शिकवते. आपल्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी पदवीधर झालं, आणि अजूनही आई नवीन माणसाला माझं नाव सांगायच्या आधी तेच सांगते. आधीची अकरा वर्षं भाड्याच्या घरांत गेली. तिथे डबे दगडी ओट्याखाली आणि भांडी खिळ्यांवर असायची. आपली आलमारी गेल्यापासून आईने दुसरी घेऊच दिली नाही. "आपलं घर होईल तेव्हा पाहू," म्हणायची. घर झालं, आणि पाहायची वेळ आली.

तुमची आलमारी मला फळीन् फळी आठवते. फॅक्टरीत तोफगोळे भरायच्या पेट्या बनवायचं तुमचं काम. त्यातल्या मोडक्या पेट्यांचं लाकूड कामगारांना विकत मिळायचं, आणि आपल्या कॉलनीत घरोघरी त्याचंच काहीतरी असायचं: कुठे पाट, कुठे कोंबड्यांचं खुराडं, कुठे देवघर. तुम्ही मात्र दोन वर्षं फळ्या जमवत राहिलात आणि मग स्वयंपाकघरातच बसून आलमारी केलीत. वर जाळीची दारं, मध्ये दोन खण, खाली मोठा कप्पा. गव्हाची कोठी आत मावावी म्हणून तो चांगला खोल केला होता. दारांच्या आतल्या बाजूला पेट्यांवरची काळी छापील अक्षरं तशीच राहिली होती. आईने दुधाचं पातेलं काढायला दार उघडलं की 'सावधानी से उठाएँ' दिसायचं.

दहावीच्या निकालानंतर त्या खालच्या कप्प्यातली कोठी तुम्ही एकट्याने ओढून बाहेर काढलीत. आई ओरडत होती, "अहो, काहून काढून राहिले? गहू काय माझ्या डोक्यावर ठेवू?" तुम्ही कप्पा पुसलात, त्यात वर्तमानपत्र अंथरलंत आणि मला म्हणालात, "घरात पुस्तकाला जागा नाही, असं आता म्हणायचं नाही." कोठी मग कायमची मोरीजवळ उभी राहिली. माझ्या पुस्तकांना हिंगाचा आणि लोणच्याचा वास लागला. वर्गात मुली हसायच्या. आज तो वास परत यावा म्हणून मी काहीही देईन, पण तेव्हा मला त्याची लाज वाटायची.

लाजेचंच सांगायचं आहे, म्हणून वर्गातली एक मैत्रीण आठवते. अकरावीत ती पहिल्यांदा आपल्या घरी आली. तिच्याकडे काचेच्या दारांचं शोकेस होतं. आईने आलमारीतून बिस्किटं काढली तेव्हा तिने ती अक्षरं वाचली आणि म्हणाली, "अरे, तुम लोग इसमें बम रखते हो क्या?" आई खळखळून हसली. मी नाही हसले. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही दारांना आतून फुलाफुलांचा भेटवस्तूंचा कागद चिकटवला. तुम्ही संध्याकाळी आलात, पाणी प्यायला भांडं घ्यायला गेलात आणि उभेच राहिलात. मग ओलं फडकं घेऊन तो कागद सावकाश सोलून काढलात. एक अक्षर खरवडलं जाऊ दिलं नाहीत. मी दारात उभी होते. माझ्याकडे न बघता म्हणालात, "आज अक्षरं झाकलीस. उद्या बापाला झाकशील." तुम्ही मला त्यापेक्षा कडक कधीच बोलला नाहीत.

आणि पुढच्या रविवारी तुम्हीच मला बोलावलंत, जणू काही झालंच नव्हतं. माझं बोट धरून आलमारीच्या कडेवरून फिरवलंत. "इथे काही लागतं?" काही लागत नव्हतं. तुम्ही नखाने एक छोटं लाकडी बूच उचकटलंत आणि आत स्क्रू दिसला. अशी बारा बुचं होती, त्याच लाकडाची, रेषेला रेष जुळवून बसवलेली. म्हणालात, "क्वार्टर सरकारचं आहे, बेटा. आपलं जे आहे ते खोलून नेता आलं पाहिजे. बारा स्क्रू काढले की सगळी आलमारी फळ्या फळ्या होऊन बाहेर." मी विचारलं, आईला माहीत आहे? तुम्ही दाराकडे बघून हळूच म्हणालात, "तिला सांगशील तर दर दिवाळीला झाडायसाठी खोलायला लावेल मला." आपण दोघं तोंडावर हात ठेवून हसलो.

मी बारावीत असताना तुम्ही गेलात. एका दुपारी, चहा येईपर्यंतही थांबला नाहीत. तिलवाऱ्याच्या घाटावर तुमच्या अस्थी सोडल्या आणि काही महिन्यांत क्वार्टर सोडायचा दिवस आला. मामा आणि शेजारचे काका सामान काढत होते. आलमारी शेवटी राहिली. ती त्यांनी दारापर्यंत ढकलत नेली आणि अडली. "तिरछी करो, तिरछी!" काका ओरडत होते. आडवी केली, उलटी केली. दारापेक्षा चार बोटं जास्त. काका घाम पुसत म्हणाले, "काय हो वहिनी, मिस्त्रीसाहेबांनी दार न मोजताच केली का आलमारी?" मामा हसला, आणि मग आईसुद्धा हसली. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "फॅक्टरीच्या पेट्या सुतासुतात मोजल्या आणि घरचं दार विसरले, बाप्पा!" तुमची हत्यारांची पेटी तेव्हा हातगाडीवर होती, सगळ्यात वर. स्क्रू काढायचा पेचकस तिच्या कुठल्या कप्प्यात असतो ते मला ठाऊक होतं. मी पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरून तुळशीपाशी उभी होते. मी काहीच बोलले नाही. आलमारी पुढच्या माणसांसाठी तिथेच राहिली.

त्या दिवसापासून आईच्या पर्समध्ये एक सुतळीची दोरी असते, दाराच्या रुंदीइतकी. घर बदललं की ती नव्या दाराचं माप घेऊन नवी गाठ मारते. पलंग, फ्रीज, कूलर, काहीही घ्यायचं असो, आधी दोरी लावणार आणि दुकानदाराला सांगणार, "भैया, हमारे इनसे एक बार गलती हो गई थी." मग सगळी गोष्ट. लोक हसतात, तीही हसते. तिच्या हसण्यात राग नसतो, माया असते, हे मला कळतं. पण अकरा वर्षं दुकानादुकानांत तुमची चूक सांगितली जाते आहे आणि मी शेजारी उभी राहून ऐकते आहे. शाळेत मी मुलांना सांगते, प्रयोगात जे दिसलं तेच वहीत लिहा, उत्तर जुळवण्यासाठी आकडा बदलू नका. वही तपासताना हात थांबतो, बाबा.

दोन आठवड्यांपूर्वी आम्ही इथल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात गेलो. पहिल्या दुकानात सगळं चकचकीत, पांढरं. दुकानदार म्हणाला, "दीदी, दीवार में फिट कर देंगे, फिर ज़िंदगी भर नहीं हिलेगा." आईने दोरी काढली, लावली, नाक मुरडलं. "हात लावला तर बोटं उमटून राहिली यावर." काचेचंही एक होतं, त्या मैत्रिणीकडे होतं तसंच. एके काळी मला तेच हवं होतं. मी त्यासमोर उभी राहिले आणि मला त्यात फक्त मीच दिसले. शेवटी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या सुताराकडे गेलो. मी त्याच्या फळीवर पेन्सिलीने आलमारी काढून दाखवली: वर जाळी, मध्ये दोन खण, खाली खोल कप्पा. तो बघत राहिला. "डिज़ाइन किसका है?"

"मेरे बाबा का."

आई लगेच म्हणाली, "अरे भैया, मगर दरवाज़े से नहीं निकली थी वो," आणि दोरी काढायला पर्समध्ये हात घातला. तिची गोष्ट सुरू होणार होती.

"निघत होती, आई," मी म्हणाले.

"काय?"

"निघत होती. बारा स्क्रू होते. वरून लाकडाची बुचं लावलेली. बाबांनी मला दाखवलं होतं."

सुताराला मराठी समजत नव्हतं, पण त्याने रंधा खाली ठेवला. आईचा हात पर्समध्येच राहिला. तिने विचारलं, "बारा?" मी मान हलवली. तिने दोरी बाहेर काढली, बोटांभोवती गुंडाळली आणि परत आत टाकली. सुताराला म्हणाली, "भैया, पेच वाली बनाना. और ऊपर से गुल्ली लगाना, दिखे नहीं. दरवाज़ा नापने की ज़रूरत नहीं."

 परतताना ऑटोने पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "किती लोकांना सांगितलं मी. कुणाकुणाला जाऊन सांगू आता, की माणूस बरोबर होता माझा?"  मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू तरी काय करशील. सतरा वर्षांची पोर, बाप गेलेला. विसरली असशील त्या गडबडीत."

मी म्हणाले, "हो."

बाबा, मी विसरले नव्हते. दारात ती अडली तेव्हा मला बाराच्या बारा बुचं आठवत होती. मला ती अक्षरं पुढच्या घरी न्यायची नव्हती. नव्या घरी नव्या मैत्रिणी येतील आणि तिथे ती आलमारी नसेल, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं. तुम्ही म्हणाला होतात तसं मी तुम्हाला झाकलं, आणि त्या दिवशी ऑटोत आईच्या मायेचा कागद लावून पुन्हा एकदा झाकलं.

जिन्यावर आईच्या चपला वाजताहेत. खालचा कप्पा तिने माझ्या पुस्तकांसाठीच ठेवला आहे, मी न सांगता. सकाळी तिने त्यात वर्तमानपत्रही अंथरलं. हे पत्र मी त्या कागदाखाली ठेवते आहे. आई अंथरलेले कागद दर दिवाळीला बदलते, एकही वर्ष चुकवत नाही. आणि ती हळू वाचते, पण सगळं वाचते.